निम्मी मुलतानी

“दर्शना, ह्या गोणीतला माल कोणी काढला गो?”

बाबांचा आवाज कारखान्याच्या मागच्या खोलीतून आला. मी पुढे बसून शाडूच्या मूर्तींच्या सोंडांवरून ओला ब्रश फिरवत होते. श्रावण तोंडावर आला होता आणि पेणमधल्या सगळ्या गणपती कारखान्यांसारखी आमचीही त्या दिवसांत जेवायला बसायची मारामार असायची.

“कुठल्या गोणीतला?”

“ह्या निळ्या दोऱ्याच्या. तळाला थोडाच माल होता. त्यातला लोटाभर गेलाय बघ.”

आमच्याकडे गोण्यांवर कोणी काही लिहीत नसे. निळ्या दोऱ्याने शिवलेली गोणी शाडूच्या मातीची, पांढऱ्या दोऱ्याची प्लास्टरची. दोरा बघायचा आणि हात घालायचा. मी चालायला शिकले तेव्हापासून तसंच करत आले होते.

“शाडू होय? मीच घेतली असेल थोडी,” मी म्हटलं.

“शाडू कुठली? प्लास्टर हाय त्यात. त्याच्या गोणीला ओल लागली म्हणून चांगलं होतं तेवढं रविवारी ह्या रिकाम्या गोणीत ओतलं मी. बोललो नाय तुला?”

नव्हते बोलले. माझ्या हातातला ब्रश सोंडेवर तसाच टेकून राहिला आणि सोंडेला खळगा पडला.

“मग मला नाही माहीत,” मी म्हणाले.

आज पंचवीस वर्षं झाली, पण ते वाक्य किती पटकन माझ्या तोंडून निघालं हे आठवलं की अजून लाज वाटते. विचार करायला क्षणसुद्धा लागला नाही. खोटं बोलायची तोवर चांगली सवय झाली होती मला.

त्याचं असं होतं. मी बावीस वर्षांची होते आणि वर्षभर चेहऱ्याला लावायच्या लेपाच्या पुड्या करून विकत होते. बाजारात पार्लरवाल्या एका बैठकीचे साठ रुपये घेत. माझी पुडी सात रुपयांची, तीनदा पुरायची. कॉलेजच्या मुली चारचौघींत कुजबुजून एकमेकींना पत्ता द्यायच्या. पुडीवर मी माझ्या सुरेख अक्षरात लिहायचे, ‘शुद्ध मुलतानी माती लेप. तेलकट, डागाळलेल्या, पुटकुळ्यांच्या त्वचेसाठी. खात्रीशीर.’ आता मुलतानी विकत आणायची तर सात रुपयांत परवडत नसे. म्हणून निम्मी मुलतानी आणि निम्मी घरची शाडू. वर वाळलेल्या कडुनिंबाची पूड, चिमूटभर हळद आणि आंबेहळद. रंग असा यायचा की आत काय आहे ते ब्रह्मदेवाला कळलं नसतं. मला स्वतःला सतराव्या वर्षी भरपूर पुटकुळ्या होत्या. त्या वयाबरोबर गेल्या, पण मी सगळ्यांना सांगायचे की मातीने गेल्या.

बाबांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हणून माल काढायचा तो ते नदीवर किंवा बाजारात गेले की, लोट्याने, घाईघाईत, दिवा न लावता. बोट लावलं असतं तर प्लास्टर आणि शाडू ह्यांतला फरक मला झोपेतही कळला असता. पण बोट लावायला वेळच नव्हता.

सोमवारी दुपारी मी चार पुड्या केल्या होत्या. संध्याकाळी कासारआळीत बांगड्यांच्या दुकानात नेऊन दिल्या होत्या. आणि आज मंगळवार होता, सकाळचे साडेदहा.

“पाणी घातलं की काय होतं ह्याचं, ठाऊक हाय ना?” बाबा आतून म्हणाले. “कोणी पोरानं खेळायला नेलं असेल तर बघ बाय. बादलीत हात घालतील, तापून दगड होईल त्याचा नि भाजून बसतील.”

मी सायकल काढली.

कासारकाकू गिऱ्हाईकाच्या हातात चुडा भरत होत्या. मी सरळ फळीकडे गेले. पुड्या तीन होत्या.

“चौथी?”

“गेली की सकाळी. दुकान उघडलं नि पहिली बोहनी. मोकलांची प्रणिता आली होती, तोंडाला ओढणी बांधून. बिचारीचे गाल बघवत नाहीत गं. का, काय झालं?”

“काही नाही. भाव लिहायचा राहिला,” असं म्हणून मी तिन्ही पुड्या उचलल्या आणि निघाले. 

मोकलांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. प्रणिताची आई ओटीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. ओळख अशी नव्हती, पण त्यांच्या घरचा गणपती आमच्याकडून जायचा.

“काकी, प्रणिता आहे का?”

“नाय गो. किलासला गेली. येल एक वाजता. काय काम होतं?”

“तिने सकाळी एक पुडी आणली ना, तोंडाला लावायची…”

“आणली का? मला कुठं काय सांगते ती. असेल तिच्या पिशवीत नायतर पेटीत. पेटीला मी हात लावला की आरडते.”

“तेवढी बघता का? मी बदलून देते. त्यात जरा… वास जास्त पडलाय.”

काकी हसली. “वास जास्त पडला तर बराच की! उद्या अलिबागला मुलाखत हाय तिची. नर्सिंगची. वासाची तर वासाची, जाऊ दे म्हणते मी.” मग सूप खाली ठेवून ती हळू आवाजात म्हणाली, “जाते की नाय हाच प्रश्न हाय. काल रातच्याला म्हणाली, असलं तोंड घेऊन मी कोणापुढं उभी राहू? पेशंट घाबरतील म्हणे. बाप म्हणतो, मुलाखत चुकली तर पुढलं शिक्षण बंद. मी दोघांच्या मधी.”

वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. काकी, त्यात प्लास्टर आहे. एवढंच बोलायचं होतं. पण त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न आला असता, की तोंडाच्या लेपात प्लास्टर आलंच कसं? मग गोणी निघाली असती, शाडू निघाली असती, ‘शुद्ध’ निघालं असतं. आम्हा घरतांच्या कारखान्यातली मूर्ती लोक डोक्यावरून घरी नेत, आणि त्याच कारखान्यातली माती मी खोटं नाव लावून त्यांच्या पोरींच्या तोंडाला फासत होते. हे बाबांच्या कानावर गेलं असतं. 

“बरं, मी क्लासवरच गाठते तिला,” मी म्हटलं.

क्लास बाजारपेठेत, एका कापडदुकानाच्या वर. मी बारा वाजल्यापासून जिन्याखाली उभी. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवायचे आणि दर दोन मिनिटांनी बघायचे. लेप काही कोणी क्लासात बसून लावत नाही, असं स्वतःला समजावत होते. एक वाजता मुली खाली आल्या. हसत, धक्काबुक्की करत, छत्र्या उघडत. प्रणिता त्यांत नव्हती.

“मोकल?” मी नाव घेतल्यावर एका चष्मेवाल्या मुलीने विचारलं. “ती कुठे येते आता? महिना झाला.”

“पण घरून तर निघते.”

“निघत असेल. इथे येत नाही. मागच्या बाकावरची पोरं मोठ्याने मोजायची ना तिला.”

“मोजायची म्हणजे?”

मुलीने आपल्या गालावर बोट टेकवलं. “हे. एक, दोन, तीन. एकदा सर फळ्याकडे वळले तेव्हा एकवीसपर्यंत गेली होती. त्यानंतर नाही आली. तळ्यावरच्या देवळात बसते म्हणे एक वाजेपर्यंत.”

मी तळ्यावर गेले. देवळात एक म्हातारा झोपला होता, दुसरं कोणी नाही. मागच्या पायऱ्या बघितल्या, धर्मशाळा बघितली. मग लक्षात आलं की एक तर केव्हाच वाजून गेलाय आणि देवळात बसणारी मुलगी एक वाजता कुठे जाणार, तर घरीच. एवढी साधी गोष्ट मला कळली नाही आणि त्यात वीस मिनिटं गेली.

काकी मला बघून चकितच झाली. “परत आलीस? आली प्रणिता. न्हाणीत हाय. बराच वेळ झाला.”

मी चपलांसकट मागच्या दारी धावले. न्हाणीचं पत्र्याचं दार आतून बंद होतं.

“प्रणिता!”

मी दार हलवलं.

“प्रणिता, ऐकू येतंय का?”

आतून दारावर दोनदा टकटक झालं.

“ती बोलणार नाय,” काकी मागून म्हणाली. “लेप लावलाय ना. पुडीवर लिवलंय म्हणे, सुकेपर्यंत बोलायचं नाय, हसायचं नाय. मघाशी पण नुसतं टकटक केलं.”

ते मीच लिहिलं होतं. पार्लरमध्ये तसं सांगतात म्हणून.

“प्रणिता, धुऊन टाक तो! आत्ताच्या आत्ता धू!”

टकटक नाही, काही नाही. पाण्याचाही आवाज नाही.  मी दारावर दोन्ही हातांनी बडवलं आणि ओरडले, “अगं, त्यात प्लास्टर आहे! गणपतीचं प्लास्टर!”

कडी निघाली.

तिने लेप हात राखून लावला नव्हता. उद्याची मुलाखत, म्हणून सगळी पुडी एकदमच कालवली होती आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत जाड थापली होती. वरून पिवळट पांढरं, कडेने भेगाळलेलं. उजव्या डोळ्यावरून ओघळ आला होता आणि पापणीच्या केसांसकट बसला होता. तो डोळा मिटलेला होता. डावा उघडा होता आणि त्या डोळ्याने ती माझ्याकडे बघत होती.

“भाजतंय का?” मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

तिने ओठ जेमतेम हलवले. “मघाशी… खूप. आता कमी. पुडीवर होतं… चुणचुणलं तर गुण येतोय समजावं.”

तेही मीच लिहिलं होतं. ते पार्लरमध्येसुद्धा कोणी सांगत नाही. ते माझ्या मनाचं होतं.

काकीने एक किंकाळी फोडली आणि नखाने तिच्या गालावरचा पापुद्रा ओढला. प्रणिता कळवळली. मी काकीचा हात धरला.

“ओढू नका! पापण्या निघून येतील. ओलं फडकं ठेवा, नुसतं ओलं, घासू नका. डोळ्याला अजिबात हात लावू नका.”

“डॉक्टर…”

दवाखाने पाचला उघडणार होते. डोळ्यांचा डॉक्टर पनवेलला. मिनीडोअर रिक्षा मिळवून तिकडे पोचेपर्यंत दोन तास.

“मी बाबांना आणते,” मी म्हटलं.

बाबा नुकतेच जेवायला बसले होते. मी दारातूनच सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. “गोणीतलं मी काढलं होतं. मोकलांच्या पोरीच्या डोळ्यावर बसलंय.” बाबांनी कशाला, कधी, काही विचारलं नाही. पानावरून उठले, हात धुतला, फळीवरची खोबरेल तेलाची बाटली, बांबूची कामटी आणि आखणीचे ब्रश घेतले. मूर्ती सगळी रंगवून झाली की शेवटी डोळे काढायचे, ती आखणी. आमच्याकडे ती फक्त बाबा करायचे आणि ते बारीक केसांचे तीन ब्रश घरात दुसरं कोणी हातात धरत नसे.

सायकल त्यांनी चालवली. मी मागे बसले.

“किती घातलं प्लास्टर?”

“निम्मं. बाकी मुलतानी.”

“नशीब. नुसतं असतं तर दगड झाला असता.”

बाजार मागे पडला, तेव्हा ते पुन्हा बोलले. “आणि एरवी काय घालायचीस?”

“शाडू.”

“पुडीवर शाडू लिवायचीस?”

“नाही.”

 मला वाटत होतं त्यांनी थांबावं, उतरून माझ्या कानाखाली आवाज काढावा. ते नुसते पॅडल मारत राहिले.

ओटीवर काकीने प्रणिताचं डोकं मांडीवर घेतलं होतं. बाबा शेजारी बसले. आखणीआधी मूर्तीला लावायचे तसा त्यांनी आधी तिच्या पायाच्या अंगठ्याला हात लावला, मग कपाळाला.

“बाय, मी हिरामण घरत. तुमचा गणपती करतो तो. उजवा डोळा मिटलेलाच राहू दे. मी उघड म्हणीन तेवा उघडायचा, त्याच्या आधी नाय. दुखलं तर पाय आपट, तोंड हलवायचं नाय. समजलं?”

तिने पाय आपटला.

मी वाटी धरून बसले. बाबांनी गालाकडून सुरुवात केली. पाणी मुरू द्यायचं, भेग शोधायची, बांबूच्या पातळ कामटीने कड उचलायची आणि खाली तेल सोडायचं. मातीमुळे पापुद्रे भुसभुशीत सुटत होते. खालची कातडी लालबुंद होती. दोन ठिकाणी फोड आले होते, खरे भाजल्याचे. उजव्या भुवईचे निम्मे केस लेपाबरोबर आले. काकी तोंडात पदर कोंबून बसली होती.

मग डोळा. बाबांनी सगळ्यांत बारीक ब्रश पाण्यात बुडवला, टोक बोटांनी निथळवलं आणि पापणीच्या एकेका केसावरून बाहेरच्या बाजूला फिरवलं. एक कण सुटला की ब्रश वाटीत, पुन्हा पाणी, पुन्हा एक कण. त्यांचा हात हलत नव्हता. कपाळावरून घाम ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला तो मी पुसला. मला तेव्हा कसली भीती वाटत होती हे खरं सांगते. पहिला अर्धा तास मला वाटत होतं, हिचा डोळा गेला तर माझं काय होईल. हिचं काय होईल, हे त्याच्या नंतर मनात आलं.

“हे कसं झालं हो भाऊ?” काकीने शेवटी विचारलं. “लेपात प्लास्टर येतंच कसं?”

बाबांनी ब्रश थांबवला नाही. “माझी चूक वहिनी. गोण्यांची अदलाबदल केली नि लिवलं नाय. पोरीला काय ठाऊक.”

मी मान वर केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एवढंच सांगून विषय मिटत होता. शाडू नाही, ‘शुद्ध’ नाही, चोरून काढलेला लोटा नाही. माझ्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं आणि मी गप्प बसले.

पुढे काय झालं ते आधीच सांगते. चार वाजता मिनीडोअर करून आम्ही सगळे पनवेलला गेलो. डॉक्टरांनी डोळा धुतला, बुबुळ तपासलं, आत काही गेलं नाही म्हणाले. फोड महिन्याभरात गेले. एक जबड्यापाशी डाग ठेवून गेला. दुसऱ्या दिवशीच्या मुलाखतीला ती गेली नाही. बाबा स्वतः तिच्या वडिलांना जाऊन भेटले, पण शिक्षण थांबलं ते थांबलंच. पुढल्या वर्षापासून मोकलांचा गणपती दुसऱ्या कारखान्यातून येऊ लागला. बाबा मला ह्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि मी पुडी पुन्हा केली नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, ओटीवरचं.

“आता उघड बाय. हळू,” बाबा म्हणाले.

पापणी थरथरली. एकदा उचलली, पडली, परत उचलली. डोळा लाल होता पण स्वच्छ होता. बाबांनी तिच्यापुढे बोटं धरली.

“किती?”

“तीन.”

“आता?”

“एक.”

काकीने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि हमसून हमसून रडायला लागली. बाबा भिंतीला टेकले. मग ते वाटीतले ब्रश एकेक करून पुसायला लागले.

प्रणिता उठून बसली. मला वाटलं आता ती ओरडेल, मला घालूनपाडून बोलेल. मी त्याची वाटच बघत होते. तिने गालाजवळ बोट नेलं, पण लावलं नाही. आरसा समोरच्या खुंटीला होता. तिकडेही तिने पाहिलं नाही. तिने आईला विचारलं नाही, बाबांना विचारलं नाही. माझ्याकडे वळून तिने विचारलं,

“ताई, पुटकुळ्या गेल्या का?”

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. सगळ्या तिथेच होत्या. लाल कातडीवर आणखी ठळक दिसत होत्या.

“नाही,” मी म्हणाले.

“म्हणजे ती पुडी खराब होती म्हणून ना? चांगली असती तर गेल्या असत्या ना?”

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी मला वाचवलं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

“नाही गं. चांगल्या पुडीनंही नसत्या गेल्या. तिच्यात मुलतानी निम्मीच असायची, बाकी गणपतीची माती. खात्रीशीर मीच लिहायचे. माझ्या पुडीनं कोणाचं काही गेलेलं मी बघितलेलं नाही.”

“मग कशानं जातात?”

“मला माहीत नाही.”

लेप भाजत होता तेव्हा ती मुलगी रडली नव्हती. आईने पापुद्रा ओढला तेव्हा रडली नव्हती, बाबा तासभर डोळ्याशी ब्रश घेऊन बसले तेव्हाही नाही. आता तिने दोन्ही तळहातांत तोंड घेतलं, आणि भाजलेल्या गालांना हात लागतोय ह्याचंही भान न राहता ती रडायला लागली.